इंग्रजीचा पेपर काढताना: मार्क नेमका कशाचा गेला?

तू वर्गासाठी काढलेला इंग्रजीचा पेपर मिळाला. आधी नुसता वाचला आणि मग पेन घेऊन मुलांसारखा सोडवायला बसले. मेहनत दिसतेय, मार्कांची बेरीज जुळतेय, सूचना स्वच्छ आहेत. पण सोडवताना एक प्रश्न सारखा मनात येत होता आणि हे सगळं पत्र त्या एकाच प्रश्नाबद्दल आहे असं समज. एखाद्या मुलाचा इथे मार्क गेला, तर तो नेमका कशाचा गेला हे तुला सांगता येईल का? उतारा कळला नाही म्हणून गेला, की उतारा कळला पण उत्तर इंग्रजीत लिहिता आलं नाही म्हणून, की तुझा प्रश्नच त्याला कळला नाही म्हणून? हे सांगता येत नसेल तर पेपर तपासून हातात फक्त आकडा येतो, आणि पुढच्या आठवड्यात वर्गात काय शिकवायचं ते काही त्या आकड्यावरून कळत नाही.

उताऱ्यापासूनच सुरू करते, कारण सगळ्यात जास्त घोळ तिथेच होतो. हे वाक्य बघ: 'द फ्लिम्प ब्लॉर्क्ड टू टेव्ही ड्रॅन्क्स बिहाइंड द गॉर्न.' याला काही अर्थ नाही, मी आत्ता बनवलंय. आता प्रश्न विचार, 'व्हॉट डिड द फ्लिम्प ब्लॉर्क?' उत्तर, 'टू टेव्ही ड्रॅन्क्स.' 'व्हेअर?' 'बिहाइंड द गॉर्न.' झाले ना पूर्ण मार्क? आणि कळलं काय, तर काहीच नाही. तुझ्या उताऱ्याखालच्या सहापैकी चार प्रश्न याच जातीचे आहेत. प्रश्नातला शब्द उताऱ्यात शोधायचा, त्याच्या आजूबाजूचं वाक्य उचलून उत्तरपत्रिकेत ठेवायचं. मुलं यात फार लवकर तरबेज होतात आणि मग आपल्याला वाटतं की वर्गाचं वाचन छान आहे.

असे प्रश्न अजिबातच नकोत असं मी म्हणत नाहीये. कच्च्या मुलाला पेपरमध्ये शिरायला एक-दोन सोपे प्रश्न हवेतच, पण सगळा भार त्यांच्यावर टाकू नकोस.

दुसरी भानगड याच्या बरोब्बर उलटी आहे. उतारा मधमाश्यांचा आहे आणि तू विचारलंयस की मधमाश्या आपल्याला उपयोगी का आहेत. अगं हे तर उतारा न वाचताही येतं, विज्ञानात शिकलेत सगळे! तेव्हा पेपर फायनल करायच्या आधी एक काम नेहमी कर, फक्त प्रश्न कुणाला तरी दे, उतारा झाकून ठेव आणि सांग की सोडव. जेवढे सुटले तेवढे काढून टाक, ते वाचन तपासतच नाहीत. त्यापेक्षा तुझ्याच उताऱ्यात काय सोन्यासारखी जागा आहे बघ, मधमाशी जवळचं अन्न सांगायचं असेल तर गोल गोल फिरते आणि लांबचं सांगायचं असेल तर शेपटाकडचा भाग हलवत सरळ रेषेत चालते, असं तिथे दिलंय. मग विचार ना, एक माशी पोळ्यात परत आली आणि नुसती गोल फिरत राहिली, तर बाकीच्या माश्यांना लांब जावं लागेल का, आणि हे तू कशावरून म्हणतोस? याचं उत्तर कुठल्याच एका ओळीत तयार नाहीये. वाचून समजलं असेल त्यालाच येईल, आणि ज्याला समजलंय त्याला दोन साध्या वाक्यांत लिहिता येईल.

या 'साध्या वाक्यां'वरून आठवलं. उताऱ्याच्या उत्तरात स्पेलिंगचे आणि ग्रामरचे मार्क कापू नकोस. मुलाने 'नो, बिकॉज फूड इज निअर' एवढंच लिहिलं आणि त्यात 'बिकॉज'चं स्पेलिंग चुकवलं तरी त्याला उतारा कळलाय, पूर्ण मार्क दे. ग्रामरला वेगळा विभाग आहे, लेखनाला वेगळा आहे, तिथे काप काय कापायचं ते. एकाच चुकीची शिक्षा तीन ठिकाणी दिलीस तर तो पेपर वाचनाचा राहतच नाही. आणि वर्गातली छोटी चाचणी असेल तर मी आणखी एक पाऊल पुढे जाईन, एखाद्या प्रश्नाचं उत्तर मुलांना त्यांच्या मातृभाषेत लिहू दे. काही जण नाकं मुरडतील, मुरडू देत. जी मुलं इंग्रजीत कोरी जागा सोडतात ती किती समजून वाचतात हे तिथे दिसतं.

उतारा निवडताना शब्द मोज. हू आणि नेशन या भाषा-संशोधकांचा २००० सालचा अभ्यास सांगतो की कुणाच्या मदतीशिवाय मजकूर नीट समजायचा असेल तर त्यातले साधारण ९८ टक्के शब्द वाचणाऱ्याला माहीत असायला लागतात. म्हणजे २०० शब्दांच्या उताऱ्यात नवे शब्द चारच्या आसपास. तुझ्या उताऱ्यात मला मुलांना अडतील असे पंधरा तरी दिसले, मग तो शब्दसंग्रहाचा पेपर झाला. अंदाज येत नसेल तर क्लोझ, म्हणजे गाळलेले शब्द भरायची चाचणी, करून बघ. विल्सन टेलरने १९५३ मध्ये ही पद्धत मांडली तीच मुळी मजकूर किती अवघड आहे हे मोजायला. पहिलं आणि शेवटचं वाक्य तसंच ठेवायचं, मधे दर पाचवा शब्द गाळायचा आणि मुलांना भरायला द्यायचा. तोच उतारा नको देऊस अर्थात, तशाच पातळीचा दुसरा दे, अर्धा वर्ग चाचपडत बसला तर समजायचं की हे जड जातंय.

आता ग्रामर. तुझा चौथा प्रश्न, 'ही डॅश टू स्कूल', आणि पर्याय वेन्ट, गोज, इज गोइंग, विल गो. चारही बरोबर आहेत! तुझ्या डोक्यात 'गोज' होतं, पण ते मुलाला कसं कळणार? बरं, तू म्हणशील मी पुढे 'एव्हरी डे' जोडते. तरी 'वेन्ट' बरोबरच राहतं, लहानपणी रोज जायचा असा अर्थ होतो. म्हणून आधी ठरव तपासायचं काय आहे. तिसऱ्या पुरुषी एकवचनाचा 'एस' तपासायचा असेल तर पर्याय गो, गोज, गोइंग, इज गो असे ठेव, यातला एकच बसतो. आणि काळ तपासायचा असेल तर एका सुट्या वाक्यात ते होणार नाही, दोन-तीन वाक्यांचा संदर्भ द्यावाच लागतो, कधीची गोष्ट चाललीय हे आधीच्या वाक्यातून कळलं पाहिजे. चुकीचे पर्याय हवेत असतील तर मुलांच्या वह्या उघड. 'इज गो' हे मी मनाने लिहिलेलं नाही, मुलं खरंच लिहितात, आणि जी चूक मुलं करतच नाहीत ती पर्यायात ठेवून जागा अडवण्यात अर्थ नाही.

ॲक्टिव्हचं पॅसिव्ह करा, डायरेक्टचं इनडायरेक्ट करा, हे प्रश्न मी कमीच ठेवते. साच्यात घालून वाक्य उलटवता येणं आणि ते वाक्य लिहिताना हवं तिथे वापरता येणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. त्याऐवजी मुलांच्याच जुन्या निबंधांतला सात-आठ ओळींचा परिच्छेद घे (नाव-गाव बदलून), एका ओळीत जास्तीत जास्त एक चूक ठेव, दोन ओळी मुद्दाम बिनचूक ठेव आणि तसं सूचनेत लिही. कुठली चूक पकडली आणि कुठली सुटली यावरून जेवढं कळतं तेवढं दहा रिकाम्या जागांतून कळत नाही.

लेखनाबद्दल मात्र जरा सविस्तर बोलायला हवं, कारण इथे अन्याय होतो आणि तो आपल्या हातून होतो. १९१२ मध्ये डॅनियल स्टार्च आणि एडवर्ड एलियट यांनी माध्यमिक शाळेतल्या इंग्रजीच्या दोन उत्तरपत्रिका घेतल्या आणि त्यांच्या प्रती वेगवेगळ्या शाळांतल्या शिक्षकांकडून तपासून घेतल्या. १४२ शिक्षकांचे मार्क आले. एकाच उत्तरपत्रिकेला कुणी १०० पैकी ५० दिले तर कुणी ९८. उत्तरपत्रिका तीच हं! पुढे १९६१ मध्ये एज्युकेशनल टेस्टिंग सर्व्हिस या परीक्षा घेणाऱ्या अमेरिकन संस्थेने ३०० निबंध ५३ जणांना तपासायला दिले, नऊ श्रेणी होत्या, आणि ९४ टक्के निबंधांना सात किंवा त्याहून जास्त वेगवेगळ्या श्रेणी मिळाल्या. कारण शोधलं तर असं निघालं की कुणी विचार बघत होतं, कुणी स्पेलिंग आणि विरामचिन्हं, कुणी मांडणी, कुणी शब्द. म्हणजे प्रत्येक जण आपापल्या परीने प्रामाणिकच होता, पण काय बघायचं हे आधी कुणी ठरवलेलंच नव्हतं.

म्हणून पेपरच्या आधी मार्किंग स्कीम. दहा मार्कांचं लेखन असेल तर मी मार्क असे वाटून देते: सांगितलेलं काम झालं का याला चार, मांडणीला दोन, शब्दांना दोन, ग्रामर-स्पेलिंगला दोन. तुला वेगळे वाटायचे असतील तर वाट, पण लिहून ठेव आणि मुलांनाही आधी सांग. पातळी कशी ठरवावी हे सुचत नसेल तर कौन्सिल ऑफ युरोपने २००१ मध्ये काढलेली सीईएफआर ही भाषा किती येते याच्या पातळ्यांची चौकट वाच. ए१ पासून सी२ पर्यंत सहा पायऱ्या आहेत आणि प्रत्येक पायरीवर माणसाला काय काय करता येतं हे साध्या शब्दांत दिलंय. तुझी मुलं कुठे बसतात हे तुला लगेच दिसेल आणि त्यांच्याकडून अवाजवी अपेक्षा ठेवली जाणार नाही.

विषयाचं म्हणशील तर 'माय फेव्हरिट टीचर' काढून टाक. तो निबंध मुलं घोकून येतात आणि तू मार्क देतेस ते पाठांतराला. त्याऐवजी कुणाला लिहायचं, कशासाठी लिहायचं आणि किती लिहायचं हे तिन्ही सांग. उदाहरणार्थ, तुझी मैत्रीण आठवडाभर आजारी होती, विज्ञानाच्या वर्गात काय झालं आणि परवाच्या चाचणीला काय वाचायचं हे तिला ८० शब्दांत कळव. हे घोकता येत नाही, आणि तिला खरंच उपयोगी पडेल असं लिहिलंय का हे तपासताही येतं. शिवाय एकच मोठा निबंध देण्यापेक्षा असे दोन छोटे तुकडे दे. एखाद्या मुलाला एक विषय नाही सुचला तर दुसऱ्यात तरी तो दिसतो.

तपासताना गठ्ठा सरळ वरून खाली संपवू नकोस. सगळ्यांचा पहिला प्रश्न तपास, मग सगळ्यांचा दुसरा, आणि नावं दिसणार नाहीत असं पान दुमडून ठेव. हुशार मुलाचं नाव दिसलं की हात सैल सुटतो, अक्षर गचाळ असलं की आखडतो, हे माझंही होतं आणि तुझंही होईल. पहिले पाच-सहा पेपर तपासून झाले की थांब, सहकाऱ्याला त्यातले दोन दे, तुझे मार्क सांगू नकोस. दोन मार्कांपेक्षा जास्त फरक पडला तर भांडू नका, स्कीममधली कुठली ओळ दोघांनी वेगळी वाचली ते शोधा, ओळ सुधारा आणि मग पुढचा गठ्ठा घ्या.

वेळही मोज. तू स्वतः सगळी उत्तरं हाताने लिहून काढ, मी मुलांना त्याच्या निदान तिप्पट वेळ धरते. तुझा पेपर सोडवायला मला पन्नास मिनिटं लागली आणि तू मुलांना दीड तास दिलायस, तेव्हा एक विभाग कमी करावाच लागेल. मला वाटतं डायरेक्ट-इनडायरेक्टचा काढ.

निकाल लागल्यावर अर्धा तास आणखी दे या पेपरला. वरच्या एक तृतीयांश मुलांचे पेपर एका बाजूला ठेव, खालच्या एक तृतीयांशाचे दुसऱ्या बाजूला, आणि प्रत्येक प्रश्न दोन्हीकडे किती जणांनी बरोबर सोडवला ते लिही. दोन्हीकडे सगळ्यांना आला तर तो प्रश्न सोपा होता, एवढंच. पण वरच्या मुलांचा चुकला आणि खालच्यांना आला असं दिसलं तर बहुतेक वेळा खोट प्रश्नात असते, हुशार मुलांना त्यात दुसरा अर्थ दिसलेला असतो. त्या मुलांना बोलावून विचार की तुम्ही हे उत्तर का लिहिलंत, आणि त्यांचं म्हणणं पटलं तर सगळ्या वर्गाला तो मार्क देऊन टाक.

सुधारून पाठवशील तेव्हा आधी मार्किंग स्कीम पाठव, पेपर दुसऱ्या दिवशी पाठवलास तरी चालेल.