वाचकांचे प्रश्न : पर्यटनाची पदवी आणि गावातला धंदा

प्रश्न : बारावी झाली. पर्यटन व्यवस्थापनाच्या पदवीला जायचा विचार आहे. अभ्यासक्रमात ‘उद्योजकता’ हा विषय दिसतो. घरचं तीन एकर वावर आहे, ताडोबा व्याघ्र प्रकल्पाच्या कोलारा गेटपासून फार लांब नाही. हा विषय शिकून होम-स्टे उभा करता येतो, की ही पदवी नोकरीपुरतीच?
— एक विद्यार्थी, ता. चिमूर

उत्तर : विषयाच्या नावावर जाऊ नका, गुण कशाला आहेत ते बघा. काही ठिकाणी उद्योजकता म्हणजे शुम्पीटर या अर्थतज्ज्ञाची व्याख्या, उद्योजकाचे गुण आणि सरकारी योजनांची यादी पाठ करून लिहायचा पेपर. काही ठिकाणी तोच विषय प्रकल्पावर असतो, म्हणजे प्रत्यक्ष जागा, प्रत्यक्ष भाव आणि तोंडी परीक्षा. प्रवेशाआधी महाविद्यालयात जाऊन मागच्या वर्षीचे दोन-तीन प्रकल्प दाखवायला सांगा. सगळ्यांत ‘माझे रिसॉर्ट, कोकण’ असंच निघालं तर प्रकल्प कागदावरच होतात, हे समजून घ्या. नव्या शैक्षणिक धोरणात कार्यानुभव 4 क्रेडिटचा, म्हणजे 120 तासांचा असतो. तो कुठे करू देतात, हेही विचारा. आणि पदवीच्या नावात बीबीए असेल तर संलग्न महाविद्यालयांसाठी 2024 पासून सीईटी लागते. ती तारीख चुकली की वर्ष गेलं.

खरं सांगायचं तर होम-स्टेवाल्याला पहिल्या वर्षीचा हिशेबाचा पेपर उद्योजकतेच्या पेपरपेक्षा जास्त कामी येतो. सिद्धांतांपैकी दोन मात्र नीट समजून घ्या. बटलर या भूगोलतज्ज्ञाने 1980 मध्ये पर्यटनस्थळाचं जीवनचक्र मांडलं : शोध, सहभाग, विकास, स्थिरावणं आणि पुढे उतार नाहीतर नवी उभारी. ताडोब्याच्या मोहर्ली गेटसारख्या रिसॉर्टांच्या दाटीत उतरणं आणि एखाद्या नव्या बफर गेटजवळ (जंगलाच्या बाहेरच्या पट्ट्यातल्या गेटजवळ) उतरणं यात काय फरक आहे, ते यातून कळतं. दुसरा उद्योजकतेच्या अभ्यासक सरस सरस्वती यांचा 2001 मधला विचार. त्या म्हणतात, आधी स्वप्न आणि मग पैसा असं करू नका. हातात काय आहे आणि किती बुडालं तर परवडेल, तिथून सुरुवात करा. तुमच्या हातात वावर आहे, विहीर असेल, आईच्या हातचं वांग्याचं भरीत आणि ज्वारीची भाकर आहे.

तीन एकर कृषी पर्यटनाला पुरतं. राज्याच्या 2020 च्या धोरणात किमान एक एकर आणि जास्तीत जास्त आठ खोल्या अशी चौकट आहे. नोंदणी पर्यटन संचालनालयाकडे होते. पण आधी सातबारा काढून बघा. ‘भोगवटादार वर्ग 2’ लिहिलेलं असेल तर त्या जमिनीच्या हस्तांतरणावर बंधनं असतात, आणि सामायिक सातबारा असेल तर काका-आत्यांच्या सह्या लागतील. व्याघ्र प्रकल्पाच्या इको-सेन्सिटिव्ह झोनमध्ये नवीन बांधकामाला वेगळी मंजुरी लागते. पाया खोदायच्या आधी गट नंबर नकाशावर तपासून घ्या.

प्रश्न : शेवटच्या वर्षाला ताडोब्याजवळच्या दोन खोल्यांच्या होम-स्टेचा व्यवसाय आराखडा केला. वर्षभर 60 टक्के खोल्या भरतील असं धरलं होतं. महाविद्यालयात चांगले गुण मिळाले. बँकेने मात्र ‘आकडे पुन्हा करून आणा’ म्हणून परत केला. चूक कुठे आहे?
— एक विद्यार्थिनी, ता. भद्रावती

उत्तर : चूक 60 मध्ये आहेच, पण त्याहून मोठी चूक 365 मध्ये आहे. ताडोब्याचा कोर, म्हणजे आतला, भाग पावसाळ्यात, जुलै ते सप्टेंबर, बंद असतो आणि हंगामात दर मंगळवारी. 1 ऑक्टोबर ते 30 जून म्हणजे 273 दिवस. त्यातून 39 मंगळवार वजा केले की 234 उरतात. दोन खोल्या, म्हणजे विकायला तुमच्याकडे 468 खोली-रात्री आहेत. तुम्ही 730 धरून 438 विकल्या. काही बफर गेट पावसाळ्यातही सुरू असतात, पण त्या भरवशावर कर्जाचा हप्ता लिहू नका.

आता उलट्या बाजूने या. खालचे आकडे नमुन्याचे आहेत, तिथे तुमच्या गावातले भाव घाला. दोन माणसं, मुक्काम, रात्रीचं जेवण, सकाळचा चहा-नाश्ता मिळून 2,400 रुपये. त्यातून शिधा-भाजीला 500, धुलाई-साबण-वीज 150, बुकिंग करून देणाऱ्याचं 15 टक्के कमिशन 360. हातात राहतात 1,390. कमिशन बहुतेक विद्यार्थी विसरतात. जिप्सीवाला पाहुणा घेऊन आला तरी तो फुकट आणत नाही.

वर्षाचा ठरलेला खर्च असा : चार लाखांचं कर्ज, 11 टक्के, पाच वर्षं, हप्ता साधारण 8,700, म्हणजे वर्षाला 1,04,400. मदतीला एक बाई, महिना 6,000 प्रमाणे नऊ महिने, 54,000. दुरुस्ती, इंटरनेट, विमा 24,000. एकूण 1,82,400. याला 1,390 ने भागलं की 132 रात्री येतात. 468 पैकी 132 म्हणजे 28 टक्के. एवढ्या विकल्या तर ना नफा ना तोटा. यात तुमची स्वतःची मजुरी धरलेली नाही. महिना 8,000 प्रमाणे नऊ महिन्यांचे 72,000 धरले तर 184 रात्री लागतात, म्हणजे 39 टक्के.

बँकेला पुढचा प्रश्न पडतो तो हा. हंगामात 39 आठवडे आहेत. प्रत्येकी शुक्रवार-शनिवारच्या दोन रात्री आणि दोन खोल्या धरल्या, तर शनिवार-रविवारच्या गर्दीतल्या सगळ्या रात्री मिळून 156 होतात. म्हणजे नुसत्या सुट्टीच्या पाहुण्यांवर 184 गाठताच येत नाहीत. सोमवार ते गुरुवार कोण येणार, याचं उत्तर आराखड्यात लिहावंच लागतं : छायाचित्रकारांचे गट, महाविद्यालयांच्या सहली, नागपूरचे निवृत्त लोक, कामानिमित्त येणारे कर्मचारी. ज्यांच्याशी प्रत्यक्ष बोलणं झालं आहे त्यांचीच नावं आराखड्याला जोडा. आज रिकामी गेलेली खोली उद्या दोनदा विकता येत नाही. धान्यासारखी ती कणगीत ठेवता येत नाही.

महिनावार रोख पत्रक लावा. पावसाळ्याच्या तीन महिन्यांत आवक शून्य आणि हप्ते तीन, म्हणजे 26,100 रुपये मेअखेर बाजूला काढलेले दिसले पाहिजेत. बँकेचा अधिकारी आधी तेच पान उघडतो.

बांधकामाचा एक तपशील. वाघ बघायला लोक एप्रिल-मे महिन्यांत, पाणवठ्यांच्या दिवसांत येतात, आणि तेव्हा चंद्रपूर जिल्ह्यात पारा 45 च्या पुढे जातो. स्वस्त म्हणून टिनाची खोली बांधली तर ऐन हंगामात ती विकली जात नाही. कूलर लावायचा तर समोरासमोर खिडकी हवी. हवा बाहेर जायला वाट नसेल तर तासाभरात खोली दमट होते आणि पाहुणा अंगणात येऊन बसतो. कूलरला लागणारं पाणी, टाकी आणि वीज गेल्यावरचा इन्व्हर्टर, हे तिन्ही खर्च आराखड्यात धरले आहेत का ते तपासा.

प्रश्न : कार्यानुभवासाठी एका रिसॉर्टमध्ये पाठवलं. दिवसभर स्वागतकक्षात उभं राहायचं आणि पाहुण्यांना सरबत द्यायचं. यातून प्रकल्पाची माहिती कशी काढू? गाव चिखलदऱ्याजवळ आहे.
— एक विद्यार्थी, जि. अमरावती

उत्तर : स्वागतकक्ष ही वाईट जागा नाही. रोज चार गोष्टी वहीत लिहा : पाहुणे कुठून आले, किती जण, किती रात्रींसाठी, बुकिंग कोणामार्फत. नावं आणि फोन नंबर लिहू नका, आणि हे टिपण ठेवतो आहे हे व्यवस्थापकाला सांगा. महिन्याभरात कोणत्या वारी कोण येतं त्याचा तक्ता तयार होईल.

प्रश्नावली करताना ‘तुम्हाला गावात राहायला आवडेल का?’ असं विचारू नका. सगळे हो म्हणतात आणि येत कोणीच नाही. ‘मागच्या सहलीत कुठे उतरलात, खोलीला किती दिले, काय खटकलं?’ असं विचारा. झालेल्या खर्चाचा आकडा खरा असतो.

तुमचा हंगाम ताडोब्याच्या उलटा आहे. चिखलदऱ्याला गर्दी पावसाळ्यात, धुक्यासाठी आणि धबधब्यांसाठी होते. त्यामुळे इंटरनेटवरून उचललेला ताडोब्याचा तक्ता तुम्हाला चालणार नाही. खोली बांधायच्या आधी जेवण विकून बघा. चार शनिवार, घरच्या ओसरीवर, आगाऊ नोंदवलेली दहा ताटंच. भाकर, झुणका, एक रानभाजी, ठेचा. किती नोंदवली, किती खरंच आले, किती शिधा वाया गेला हे लिहा. हे चालू ठेवायचं झालं तर एफएसएसएआयची (अन्न सुरक्षा प्राधिकरणाची) नोंदणी आधी करा. परीक्षकाला हा एक कागद चाळीस पानांच्या छापील प्रकल्पापेक्षा जास्त सांगतो.

प्रश्न : मुलगी पर्यटनाची पदवी घेते आहे. महिलांना 15 लाख बिनव्याजी मिळतात असं ऐकलं. अर्ज कुठे करायचा?
— एक पालक, ता. लोणार

उत्तर : ते कर्ज सरकार देत नाही. पर्यटन विभागाच्या महिलांसाठीच्या 2023 च्या ‘आई’ धोरणात कर्ज बँकेनेच द्यायचं असतं. 15 लाखांपर्यंतच्या कर्जावर भरलेलं व्याज, 12 टक्क्यांच्या मर्यादेत, शासन परत करतं. ही सवलत सात वर्षं किंवा व्याजाची रक्कम साडेचार लाख होईपर्यंत, यातलं जे आधी होईल तोवर मिळते. मुद्दल पूर्ण फेडावं लागतं, आणि हप्ता थकवलात तर सवलतही अडकते. व्यवसाय मुलीच्या मालकीचा आणि तिनेच चालवलेला हवा. जागा तुमच्या नावावर असेल तर भाडेकरार नोंदणीकृत करून ठेवा. आधी पर्यटन संचालनालयाच्या प्रादेशिक कार्यालयात चौकशी, मग बँक, असा क्रम ठेवा. उद्यम नोंदणी (छोट्या उद्योगांची नोंदणी) सरकारी संकेतस्थळावर फुकट होते, तिचे पैसे कोणी मागितले तर तिथून उठा.

प्रश्न : आम्ही तीन मित्र मिळून सहली काढणार आहोत. कंपनी काढावी का?
— एक वाचक, ता. रामटेक

उत्तर : इतक्यात नको. कंपनीला दरवर्षी लेखापरीक्षण आणि विवरणपत्रं लागतात, धंदा असो वा नसो. भागीदारी करार करा आणि त्यात तीन गोष्टी ठळक लिहा : कोणी किती पैसे घातले, रोजचं काम कोण करणार आणि त्याला वेगळा मोबदला किती, एकजण नोकरीवर लागून निघून गेला तर त्याचा हिस्सा कसा द्यायचा. पदवी संपताच तिसऱ्याला पुण्यात नोकरी लागते आणि भांडण तिथेच सुरू होतं. बँक खातं दोघांच्या सहीचं ठेवा. सेवेची वर्षाची उलाढाल 20 लाखांच्या आत असेल तोवर साधारणपणे जीएसटी नोंदणी लागत नाही, पण पाहुण्यांकडून घेतलेली पूर्ण रक्कम उलाढालीत धरली जाऊ शकते. म्हणून गाडीभाडं आणि तुमचं सेवाशुल्क वेगळं दाखवायचं की एकत्र, हे पहिली पावती फाडण्याआधी कर सल्लागाराला विचारून ठरवा.