"मधेच मी इथे नसतेच, मला वेड लागतंय का?"

अपघात, मारहाण, पूर यांतून वाचलेली माणसं समुपदेशनाला येतात तेव्हा दचकण्याबद्दल, वाईट स्वप्नांबद्दल बोलतात. एक गोष्ट मात्र दडवतात आणि उठता उठता विचारतात, "ताई, मधेच मी इथे नसतेच. मला वेड लागतंय का?"

सुनंदानेही (नाव आणि तपशील बदलले आहेत) हेच विचारलं. घाटात बस उलटली, शेजारच्या सीटवरच्या बाई जागीच गेल्या, हिला फक्त खरचटलं. ती रडली नाही. अपघाताबद्दल बातमी वाचावी तसं सांगायची, म्हणून घरच्यांना वाटलं, सावरली. पण पोळ्या लाटताना हात तिला स्वतःचे वाटत नसत. तव्यावर पोळी करपून धूर झाला तरी पत्ता नसे. सासूबाईंना हे नाटक वाटे. एकदा फिट समजून त्यांनी नाकाला कांदाही लावला.

फिटची शंका झटकून टाकण्यासारखी नसते. मी तिला आधी न्यूरॉलॉजिस्टकडे पाठवलं. फिट नाहीत असं त्यांनी सांगितल्यावर मानसोपचारतज्ज्ञांनी तपासलं. निदान झालं पीटीएसडी, म्हणजे आघातानंतर मागे राहणारा मानसिक आजार, त्यातही डिसोसिएशन (स्वतःपासून किंवा भोवतालापासून तुटल्यासारखं होणं) असलेला प्रकार.

पळता येत नाही, प्रतिकार करता येत नाही, अशा वेळी मेंदू जाणीवच आखडती घेतो. विजेचा लोड वाढला की एमसीबी पडतो, तसं. वेदना बोथट होते, भोवतालचं स्वप्नागत दिसतं. त्या क्षणी याचा आधारच होतो. पण पुढे डिझेलचा वास आला तरी मेंदू तोच उपाय करतो. आघात आणि डिसोसिएशनचं नातं फ्रान्सच्या पिएर जाने यांनी १८८९ मध्येच मांडलं होतं. डीएसएम-५ या निदानपुस्तिकेत मात्र हा उपप्रकार २०१३ साली आला. अशा रुग्णांत मेंदूचा पुढचा भाग भावनांना गरजेपेक्षा जास्त दाबून धरतो, असं स्कॅनच्या अभ्यासांत दिसलं आहे. म्हणून बाहेरून माणूस शांत दिसतो, आणि शांत आहे म्हणजे बरा आहे, असं धरून घरचे निर्धास्त होतात. मला याचीच सर्वांत जास्त काळजी वाटते.

एका सत्रात खाली रस्त्यावर ट्रकचा ब्रेक करकरला. सुनंदाची नजर थिजली. मी तिला हलवलं नाही. "सुनंदा, तू माझ्या खोलीत आहेस. आज गुरुवार आहे. टाचा जमिनीवर दाब." हातात थंड पाण्याचा स्टीलचा पेला दिला. "पडद्याचा रंग सांग." बऱ्याच वेळाने ती "पिवळा" म्हणाली, आणि मग रडू फुटलं.

आम्ही आधी हे भानावर येणंच घोटवलं, मग तुकड्यातुकड्यांनी अपघाताच्या आठवणीकडे वळलो. "सगळं बोलून मोकळी हो" हा सल्ला अशा माणसाला घाईने देऊ नये, असं माझं ठाम मत आहे. आठवणीवरचे उपचार तिलाही लागू पडतात. मात्र बोलताना ती भानावर हवी.

सासूबाईंना बोलावून सांगितलं: कांदा नको, पाण्याचे हबके नकोत, गदागदा हलवणं नको. नाव घ्या, कुठे आहे ते सांगा, विचारूनच हात धरा. "म्हणजे ती मुद्दाम करत नाही?" त्यांनी दोनदा विचारलं.

सुनंदाला अजूनही कधीकधी तसं होतं, पण सुरुवात ओळखता येते. ती गॅस बंद करून बसून घेते. हे वेड नाही. आघातानंतर महिना उलटूनही असं होत असेल तर मानसोपचारतज्ज्ञांना दाखवा आणि हे 'नसणं' त्यांना आपणहून सांगा. जवळ कुणी नसेल तर टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ हा मोफत क्रमांक आहे, तिथे मराठीत बोलता येतं.