पाटा तुटला, पैसे कोणाचे?

कळंबोलीच्या स्टील मार्केटमध्ये ट्रान्सपोर्टच्या ऑफिसात हिशेब पाहणाऱ्या ताई लांब पल्ल्याच्या चालकांच्या आणि त्यांच्या घरच्यांच्या प्रश्नांना उत्तरं देतात.

ताई, मी दहा चाकी चालवतो. कळंबोलीहून लोखंड भरून नाशिकला जाताना खारेगाव ते वडपे या पट्ट्यात मागच्या कमानीचा, म्हणजे स्प्रिंगचा, मेन पाटा तुटला. रात्रीचा पाऊस, खड्डा पाण्याने भरलेला, दिसलाच नाही. शेठने पाट्याचे आणि मजुरीचे पैसे पगारातून कापले. म्हणतात, बाकीच्यांचे का नाही तुटले? हे बरोबर आहे का? — र. शि., तळोजा

भाऊ, बरोबर नाही, आणि हे मी शेठच्या शेजारच्या खुर्चीत बसून सांगते आहे. पाटा, सेंटर बोल्ट, बुश, टायर, डिस्क, सगळी बिलं माझ्या टेबलावरून जातात. जूनपासून ती फाइल फुगायला लागते आणि दिवाळीनंतर बसते. चालक तर बारा महिने तेच असतात. मग पावसाळ्यापुरते सगळे एकदम बेफिकीर होतात असं मानायचं का?

बाकीच्यांचे का नाही तुटले, हे कमानवाल्याला विचारा. पाटा जिथे तुटला ते तोंड नीट बघायला सांगा. सगळं स्वच्छ, ताजं दिसलं तर एका दणक्यात गेला. त्यातला काही भाग काळपट, गंजलेला असेल तर तडा जुना होता, शेवटचा दणका तुमच्या पाळीत बसला एवढंच. लोखंड वाहणाऱ्या गाड्यांत बहुतेक वेळा दुसरंच निघतं. तो तुकडा भंगारात जाऊ देऊ नका, निदान फोटो काढून ठेवा.

पाट्याला तडा कशाने गेला, ते शेठ मंडळींना आवडणार नाही, पण लिहिते. जादा माल. २०१८ मध्ये सरकारने चार टायरच्या एका एक्सलची मर्यादा १०.२ टनांवरून ११.५ टन केली. मर्यादा वाढली तसा माल वाढला, आणि वर ‘थोडं अजून टाका’ आहेच. तोच माल रस्ताही खातो. एक्सलवरचा भार वाढला की रस्त्याची झीज त्याच प्रमाणात वाढत नाही, साधारण चौथ्या घाताने वाढते. अमेरिकेत १९५०च्या दशकाच्या अखेरीस मुद्दाम बांधलेल्या रस्त्यांवर ट्रक फिरवून हे मोजलं गेलं. दहा टक्के जादा भार म्हणजे झीज जवळजवळ दीडपट, दुप्पट भार म्हणजे सोळापट. तेव्हा डांबराला तडे पाडण्यात आपल्याच गाड्यांचा हात मोठा. त्या तड्यांतून पाणी आत उतरतं. वरून चाक गेलं की दाबलेलं पाणी खडीवरची डांबराची पकड सोडवतं, खालचा थर भिजून खचतो आणि वरचं डांबर तुकड्या-तुकड्यांनी उखडतं. भर पावसात कोणी त्यात मुरूम टाकतं, कोणी पेव्हर ब्लॉक बसवतं. मुरूम वाहून जातो आणि ब्लॉक कमीजास्त खचून त्यांच्या कडा वर येतात. (ते ब्लॉक मला खड्ड्यापेक्षा वाईट वाटतात. खड्ड्यात निदान धार नसते.) खड्डा चौकोनी कापून, कोरडा करून, डांबराचा हात देऊन, थर दाबून भरला तर टिकतो. या सगळ्यात तुमचा पगार कुठे येतो, मला दिसत नाही.

वेतनाच्या कायद्यातही नुकसानीची कपात कामगाराच्या हयगयीमुळे नुकसान झालं असेल तरच करता येते, आणि कापण्याआधी त्याचं म्हणणं ऐकून घ्यावं लागतं. तुमचं कोणी ऐकलं का? नसेल तर तेच लेखी विचारा.

यापुढे गाडीत डायरी ठेवा. तारीख, वेळ, जाताना की येताना, जवळच्या दगडावरचा किलोमीटर. ‘खारेगावच्या पुढे’ असं लिहिलेलं कोणी वाचत नाही. सोबत वजनकाट्याची पावती जोडा, ती सगळ्यात महत्त्वाची. त्या पावतीवरचा आकडा समोर असला की शेठचा ‘बाकीच्यांचे का नाही’ हा प्रश्न सहसा बंद होतो. आमच्या ऑफिसात यावरून माझं चांगलंच वाजलं होतं. आता पाटा गाडीच्या खर्चात लिहितात. टायरवरून अजून वाद आहेत. बाजूला फुगा आला असेल तर दणक्याने आतले धागे तुटलेत. नक्षी एकाच कडेला झिजली असेल तर ते अलाइनमेंटचं दुखणं, आणि अलाइनमेंट करून देणं मालकाचं काम.

मुलगा नुकताच टेम्पो चालवायला लागलाय. खड्डा चुकवता येत नसेल तर ब्रेक दाबावा का? — एक आई, कळवा

खड्ड्याच्या आधी दाबावा, चाक उतरताना सोडावा. ब्रेक दाबलेला असताना वजन पुढे येऊन पुढची कमान आधीच दबलेली असते, दणका झेलायला जागा उरत नाही. ऐनवेळी स्टिअरिंग कापायचं नाही, बाजूला दुचाकीवाला असतो. हे आमच्या चालकांकडून ऐकलेलं. मी स्वतः स्कूटीवाली.

१०३३ वर फोन केला, तर म्हणाले हा रस्ता आमचा नाही. मग कोणाचा? — म. पा., कासारवडवली

ताई, १०३३ राष्ट्रीय महामार्गांसाठी आहे. घोडबंदर रोड राज्य महामार्गात मोडतो. किलोमीटरच्या दगडाच्या डोक्याचा रंग बघायची सवय लावा: पिवळा राष्ट्रीय, हिरवा राज्य. पण रंगावर सगळं सोडू नका. माजिवडा ते वडपे हा राष्ट्रीय महामार्ग, तरी तिथल्या आठ पदरी रुंदीकरणाचं काम राज्य रस्ते विकास महामंडळाकडे. काम चालू असेल तिथला फलक वाचायचा, त्यावर खातं आणि ठेकेदार दोन्ही असतात. तुमच्या बाबतीत बांधकाम विभाग आणि महापालिका दोघांना एकाच मजकुराचा अर्ज द्या आणि दुसऱ्याला प्रत दिल्याचं दोन्हींवर लिहा. ‘आमच्या हद्दीत नाही’ हे तोंडी सगळे सांगतात, लेखी द्यायला सहसा कोणी धजत नाही. पोच मात्र शिक्क्यासह घ्या.

रस्ता खराब असेल तर टोल नाकारता येतो का? — एक वाचक, ऐरोली

नाक्यावर नाही, कोर्टात. केरळमध्ये त्रिशूर जिल्ह्यातल्या पालियेक्करा नाक्याचा टोल उच्च न्यायालयाने ऑगस्ट २०२५ मध्ये थांबवला आणि सर्वोच्च न्यायालयाने त्यात हात घालायला नकार दिला. पुढे ऑक्टोबरमध्ये वसुली पुन्हा सुरू झाली.

भाऊ शिळफाट्याजवळ खड्ड्यात मोटारसायकलवरून पडला, हात मोडला. भरपाई मिळेल का? — सं. गा., दिवा

मागता येते. मुंबई उच्च न्यायालयाने ऑक्टोबर २०२५ मध्ये ठरवून दिलंय: खड्ड्यामुळे मृत्यू झाल्यास वारसांना ६ लाख, जखमीला दुखापतीप्रमाणे ५० हजार ते अडीच लाख. दावा समितीपुढे जातो आणि तिथे जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाचे सचिव असतात, तेव्हा सुरुवात त्या कार्यालयापासून करा. दवाखान्याची सगळी कागदपत्रं आणि खड्डा बुजवण्याआधीचा फोटो लागेल. आणि पंचनाम्यात ‘वाहन घसरून’ एवढंच लिहू देऊ नका. ‘खड्ड्यात चाक गेल्याने’ हे शब्द आलेत का ते भावाला वाचू द्या, मग सही.