दूध-भाकरीला ठेचा का लागतो?

प्रश्न : माझं माहेर रत्नागिरीचं, सासर परभणी जिल्ह्यातलं. इथं रात्री दुधात ज्वारीची भाकरी कुस्करतात आणि तोंडी लावायला ठेचा घेतात. हुरड्याला गूळ, लसणाची चटणी आणि दही एकाच पत्रावळीवर. आधी मला कसंतरीच वाटायचं; आता ठेच्याशिवाय दूध-भाकरी घशाखाली उतरत नाही. हे चांगलं का लागतं? आणखी अशा जोड्या आहेत का?
– एक वाचक, सेलू

उत्तर : ताई, तुमचं पत्र वाचून फार बरं वाटलं. आमच्याकडचं हे रोजचं खाणं, त्याचं कौतुकानं कुणी विचारत नाही.

मिरचीचा तिखटपणा ही गोड-आंबटासारखी चव नव्हे, तो चटका आहे. मिरचीतलं कॅप्सायसिन जिभेवरच्या उष्णता ओळखणाऱ्या नसांना चेतवतं. हे ज्या संवेदकामुळे होतं त्याच्या शोधासाठी डेव्हिड ज्युलियस यांना २०२१ चं नोबेल विभागून मिळालं. कॅप्सायसिन पाण्यात नीट विरघळत नाही, म्हणून तांब्याभर पाणी पिऊनही आग जात नाही. दुधातलं केसिन हे प्रथिन मात्र त्याला धरून घेतं. चटका उतरला की ठेच्यातलं खरं काय ते कळतं: तव्यावर काळे डाग पडेस्तोवर भाजलेली मिरची, लसूण, जाडं मीठ, खरबरीत शेंगदाणे. त्या मिठानं दुधाचा गोडवाही वाढतो. ठेचा दुधात कालवू मात्र नका. दोन घास दूध-भाकरीचे, मग बोटभर ठेचा जिभेवर, की लगेच पुढचा घास. कालवला तर दोन्हींची चव जाते.

हुरड्याचंही असंच. आगटीतून काढलेलं गुळभेंडी ज्वारीचं कणीस हातावर चोळलं की दाणे हिरवे, दुधाळ आणि मुळातच गोड. त्यावर नुसता गूळ खाल्ला तर चार घासांत तोंड मिटतं. लसणाची चटणी ते उघडतं आणि दही पुन्हा निववतं. हल्ली काही ठिकाणी हुरड्याला शेव आणि सॉस देतात, ते मला अजिबात पटत नाही. सॉसपुढे दाण्याचा धुरकट वास उरतच नाही.

ज्यांच्यात गंधद्रव्यं सारखी, ते पदार्थ एकमेकांना शोभतात, असं एक मत आहे. जोधपूरच्या आयआयटीतल्या संशोधकांनी २०१५ मध्ये भारतीय पाककृती तपासल्या, तेव्हा उलटंच दिसलं. आपल्याकडे गंधानं दूरचे पदार्थ एकत्र येतात आणि त्यात मसाल्यांचा वाटा मोठा. लसूण-गूळ त्याच रीतीतलं, असं मला वाटतं.

आणखी जोड्या हव्यात तर आमरसात साजूक तूप आणि चिमूटभर सुंठ घाला, वर कुरडई चुरा. पण चुरल्याबरोबर खा, कुरडई मऊ पडली की मजा गेली. आणि लातूर-धाराशिवकडे कुणी ओळखीचं असेल तर येळवशीला, म्हणजे वेळ अमावास्येच्या सणाला, त्यांच्या शेतात जाच. बाजरीच्या पिठाचा उकडलेला उंडा भज्जीत, म्हणजे डाळी-दाणे घातलेल्या मिसळ पातळ भाजीत, मोडायचा, मध्येच गव्हाची गोड खीर घ्यायची, त्यावर लसणाची आंबट, गार आंबील प्यायची. कागदावर हे जुळत नाही. शेतात बसलं की तिसऱ्यांदा वाढून घेतो माणूस.

प्रश्न : मोसंबीच्या रसात मीठ घालायची आमच्या घरी पद्धत आहे. मुलं म्हणतात, गोड रसात मीठ कशाला?
– एक वाचक, जालना

उत्तर : मुलांना एकदा शेजारी शेजारी दोन पेले द्या. मोसंबीचा रस काढून ठेवला की त्यातल्या लिमोनिन या कडू द्रव्यामुळे हळूहळू कडवट होतो, आणि मीठ जिभेला तो कडवटपणा जाणवू देत नाही. म्हणून रस गोड लागतो. मीठ दोन बोटांच्या चिमटीत बसेल एवढंच. खारट लागलं तर जास्त झालं. रस काढल्याबरोबर पिणार असाल तर मिठाची गरज फारशी नाही. जालन्याची मोसंबी ताजी असताना मी तरी तशीच पिते.