‘देवळाच्या अगदी मागं’ला इंग्रजीत काय म्हणायचं?

प्रश्न : सर नमस्कार. बिनखांबी गणपतीच्या देवळामागं बोळात आमचं आठ खोल्यांचं लॉज आहे. परराज्यातनं अंबाबाईच्या दर्शनाला येणारे पाहुणे व्हॉट्सॲपवर पत्ता विचारत्यात. मी लिहिलं, ‘वुई आर व्हेरी बिहाइंड द टेंपल’. अकरावीतली पोरगी बघून खो खो हसली, म्हटली पप्पा असं नसतंय. मग मी ‘बिहाइंड द टेंपल ओन्ली’ केलं तर आणखीनच हसली, पण बरोबर काय ते तिलाही सांगता येईना. आणि ‘व्हेरी नियर’ चालतंय तर ‘व्हेरी बिहाइंड’नं काय घोडं मारलंय?
– एक लॉजवाले, कोल्हापूर

उत्तर : पोरीला शाबासकी द्या, पण हसण्यासारखं काय नाही हेही सांगा, कारण कॉलेजात असताना मी स्वतः ‘व्हेरी आफ्टर द एक्झाम’ लिहून सरांचा लाल शेरा खाल्लेला माणूस आहे.

सगळा घोळ आपल्या ‘अगदी’चा आहे. आपला अगदी कुठंही खपतो बघा, अगदी गोड, अगदी हळू, अगदी मागं, अगदी शेवटी. इंग्रजीत या कामाची वाटणी झालीय. गोड, हळू असल्या शब्दांना व्हेरी, पण बिहाइंड, इन, ऑन, आफ्टर असला जागा नाहीतर वेळ सांगणारा शब्द आला की व्हेरीला तिथं थारा नाही, तिथं राइट लागतं. ‘राइट बिहाइंड द टेंपल’. हा राइट म्हणजे उजवा नव्हे आणि चूक-बरोबरमधला बरोबरही नव्हे, नुसता ‘अगदी, चिकटून’. तरी तुमच्या कामापुरतं सांगतो, पत्त्यात राइट लिहू नका, रिक्षात बसलेला पाहुणा घाईत वाचणार आणि उजवीकडं वळणार. ‘जस्ट बिहाइंड द टेंपल’ लिहा, विषय संपला.

आता नियरचं. नियर हा दोन घरचा पाहुणा आहे. त्याचं नियरर, नियरेस्ट होतं, म्हणजे त्याच्या अंगात अजून विशेषण शिल्लक आहे, म्हणून व्हेरी त्याला चिकटतं. क्लोजचंही तसंच, ‘व्हेरी क्लोज टू रंकाळा’ बिनधास्त लिहा. बिहाइंडर, बिहाइंडेस्ट कधी ऐकलंय का? नाही ना, मग व्हेरी नाही. आणि काही ठिकाणी व्हेरीला आत शिरायचंच असेल तर मच सोबत घ्यावा लागतो, म्हणजे एखादा पैलवान सध्या फार चर्चेत असेल तर तो ‘व्हेरी मच इन द न्यूज’. कर्जात बुडालेला मात्र ‘डीप इन डेट’, तिथं राइट पण चालत नाही कारण कर्ज ही काय बोट दाखवून सांगायची जागा नव्हे.

खरी गंमत जागेची आहे. ‘देवळाच्या अगदी मागं’ हे नीट बघा, अगदी कुणाला चिकटलाय? मागंला. ‘देवळाच्या शंभर मीटर मागं’ म्हटलं तरी शंभर मीटर मागंलाच चिकटून. इंग्रजीतही हेच, राइट बिहाइंड, हंड्रेड मीटर्स बिहाइंड. फरक एवढाच की आपलं देऊळ आधी येतं, त्यांचं शेवटी. म्हणून ‘बिहाइंड राइट द टेंपल’ असं मधेच घुसवायचं नाही, मागं आणि अगदी ही जोडी फोडायची नाही.

आपल्याच गावातलं उदाहरण घ्या, अंबाबाईच्या किरणोत्सवाचं. 9, 10, 11 नोव्हेंबर आणि 31 जानेवारी, 1, 2 फेब्रुवारी, मावळतीची किरणं महाद्वारातनं गाभाऱ्यात येतात. पहिल्या दिवशी पायांपर्यंत, दुसऱ्या दिवशी छातीपर्यंत, तिसऱ्या दिवशी मुखापर्यंत, अर्थात ढग आणि वाटेतल्या इमारतींनी येऊ दिलं तर. हे पाहुण्यांना इंग्रजीत सांगायला बसलात की हे सगळे शब्द रांगेनं लागतात. किरणं कुठंही न वळता येतात, तर ‘स्ट्रेट थ्रू द महाद्वार’. पहिल्या दिवशी ‘ओन्ली ॲज फार ॲज द फीट’. तिसऱ्या दिवशी ‘ऑल द वे अप टू द फेस’. स्ट्रेट वाट सांगतो, राइट नेमका ठिपका सांगतो, ऑल द वे म्हणजे पार शेवटपर्यंत. मराठीत थेट, नेमकं आणि पार, झालं की.

राहिलं ते ओन्ली. ते तुमच्या ‘मागंच’मधल्या ‘च’चं भाषांतर आहे. आपला च शेपटीला लागतो म्हणून आपण ओन्लीही शेपटीला लावतो. भारतात कुणीही समजून घेतं, चेन्नईचा घेईल, दिल्लीचा घेईल. पण बाहेरदेशीचा पाहुणा आला तर त्याला वाटेल हे लोक फक्त मागं आहेत म्हणजे पुढं अजून कोण आहेत काय. ‘ओन्ली इन कोल्हापूर’ म्हणजे फक्त कोल्हापुरातच, दुसरीकडं कुठंही नाही, ते तांबड्या-पांढऱ्या रश्श्यासाठी राखून ठेवा. तुमच्या ‘च’ला जस्ट नाहीतर राइटच हवा.

प्रश्न : ऑफिसच्या मेलमध्ये ‘ॲट शार्प टेन’ लिहिलं, साहेबांनी खोडलं. आणि ‘सून बिफोर लंच’ पण खोडलं. सून आफ्टर चालतंय मग सून बिफोर का नाही?

उत्तर : साहेब बरोबर आहेत, दोन्हीकडं. शार्प वेळेच्या मागनं येतो, ‘ॲट टेन शार्प’. पुढंच काहीतरी घालायचं असेल तर ‘ॲट एक्झॅक्टली टेन’ किंवा ‘एक्झॅक्टली ॲट टेन’, दोन्ही चालतात. सूनचं म्हणाल तर त्याचा अर्थच ‘लवकरच पुढं’ असा आहे, त्याला मागं ओढून बिफोरला बांधता येत नाही. ‘शॉर्टली बिफोर लंच’ लिहा. जेवणाच्या बरंच आधी असेल तर ‘वेल बिफोर’, अगदी ताटावर बसता बसता असेल तर ‘राइट बिफोर’.

प्रश्न : मुलाच्या कंपनीतला इंग्रज मॅनेजर ‘अप इन स्कॉटलंड’, ‘बॅक इन 1998’ असं बोलतो म्हणे. नुसतं इन पुरेसं असताना हे अप आणि बॅक कशाला? पाल्हाळच ना?

उत्तर : पाल्हाळ असेल तर आपणही तेवढेच पाल्हाळिक आहोत काकू. ‘खाली कोकणात गेलोय’ म्हणतोच की आपण, ‘वर पन्हाळ्याला जाऊन आलो’ म्हणतो, आणि ‘मागं 98 साली लग्नात भेटलो होतो’ हे तर प्रत्येक घरात ऐकू येतं. आधी ढोबळ दिशा, मग नेमकी जागा. डाउन इन कोकण, अप ॲट पन्हाळा, बॅक इन 1998. तो बॅक म्हणजे आपला हाच ‘मागं’, नुसती तारीख सांगायची नसते, बोलणारा तिकडं मान वळवून बघतोय हे त्यात येतं. ऑफिसच्या रिपोर्टात नुसतं ‘इन 1998’ बरं, चहा पिताना बॅक लावावा.

आणि शाळेत आपण पाठ केलेलंच आहे, ‘तो मागं बसला’ यात मागं क्रियाविशेषण आणि ‘देवळामागं बसला’ यात शब्दयोगी, शब्द एकच. इंग्रजीत डाउनचं तेच आहे. ‘कम डाउन’मध्ये एकटा, ‘डाउन द घाट’मध्ये घाटाला धरून, आणि ‘डाउन इन कोकण’मध्ये दुसऱ्याच्या पुढं वाट दाखवत. गगनबावड्याचा घाट पार तळापर्यंत उतरलात तर त्याला परत राइट लावता येतो, ‘राइट डाउन द घाट’, आणि इथं तो उजवीकडं नाहीच नाही, तिकडं दरी आहे.