सेंड-ऑफ, टी-शर्ट आणि कपाटाच्या किल्ल्या

दहावीच्या निरोप समारंभाबद्दल ठाणे आणि नवी मुंबईतून आलेल्या पत्रांपैकी काही इथे घेतली आहेत.

आमचा सेंड-ऑफ दरवर्षी फेब्रुवारीच्या दुसऱ्या आठवड्यात असतो. यंदा निम्मी मुलं ‘येणार नाही’ म्हणतात. तारीख कशी ठरवावी?
– वर्गप्रतिनिधी, नेरूळ

फेब्रुवारीचा दुसरा आठवडा ही मार्चमध्ये परीक्षा व्हायची तेव्हाची सवय. २०२५मध्ये दहावीची लेखी परीक्षा २१ फेब्रुवारीलाच सुरू झाली, आणि प्रात्यक्षिक व तोंडी परीक्षा त्याच्याही आधी होतात. म्हणजे तुमच्या तारखेला मुलं ऐन धांदलीत असतात. पूर्वपरीक्षा संपल्यावर आणि तोंडी सुरू होण्याआधी जे चार-सहा दिवस मिळतात, त्यातला एक पकडा.

त्यातही हॉल तिकीट वाटपाचा दिवस सर्वांत सोयीचा, कारण त्या दिवशी सगळे येतातच. वाटप आधी, कार्यक्रम नंतर. प्रत्येकाने तिथेच उभं राहून स्वतःचं नाव, आईचं नाव, जन्मतारीख, माध्यम आणि विषय तपासायचे. मुख्याध्यापकांची सही आणि शिक्का आहे ना, तेही पाहायचं. चूक निघाली तर त्याच दिवशी शाळेच्या कार्यालयात लेखी द्या. दुरुस्तीसाठी वाशीच्या विभागीय मंडळाशी शाळाच बोलते, मुलांनी परस्पर तिकडे धाव घेऊ नये. हॉल तिकीट हरवलं तरी घाबरायचं कारण नाही. शाळा लाल शाईने ‘द्वितीय प्रत’ असा शेरा मारून दुसरं देते.

टी-शर्टवर पाठीमागे सगळ्यांची नावं मराठीत हवी आहेत. मागच्या बॅचची निम्मी नावं चुकीची छापून आली. छापणारा म्हणतो, यादीच तशी होती.
– हेडगर्ल, ऐरोली

यादी बरोबर असणार आणि छपाईवालाही खोटं बोलत नसणार. गडबड फॉन्टची असते. तुम्ही मोबाइलवर युनिकोडमध्ये नावं टाइप करता. दुकानातला संगणक बऱ्याचदा जुन्या पद्धतीच्या फॉन्टवर किंवा सॉफ्टवेअरच्या जुन्या आवृत्तीवर चालतो. तिथे मजकूर चिकटवला की पहिली वेलांटी अक्षराच्या मागे जाऊन बसते आणि जोडाक्षरं सुटतात. क्षितिज, श्रुती, ऋत्विक, प्रज्ञा ही नावं आधी मोडतात. सीमा आणि राम बिनधास्त असतात, म्हणून नमुना म्हणून सोपं नाव पाहून खूश होऊ नका.

उपाय असा. यादी टाइप करून पाठवण्याऐवजी युनिकोड फॉन्टमध्ये मांडणी करून पीडीएफ द्या आणि त्यातली अक्षरं आधी ‘कर्व्ह’ करून घ्या. मग अक्षर हे चित्र होतं, कुठल्याही संगणकावर बदलत नाही. छपाईआधी प्रूफ कागदावर मागा. एकीने हजेरीपटावरून नाव मोठ्याने वाचायचं, दुसरीने प्रूफवर टिक करायची. मनातल्या मनात वाचलं की डोळा चूक आपोआप सुधारून घेतो.

टोपणनाव छापायचं असेल तर ज्याची पाठ त्यानेच ते स्वतःच्या अक्षरात लिहून खाली सही करावी. वर्गाने ठेवलेली सगळीच नावं त्या मुलाला आवडत असतात असं नाही. इथे बहुमत चालत नाही.

कापड १८० जीएसएमचं (म्हणजे चौरस मीटरला १८० ग्रॅम वजनाचं) सुती घ्या, त्याहून पातळ कापड पांढऱ्या रंगात आरपार दिसतं. सगळ्यांचा मजकूर एकच असेल तर स्क्रीन प्रिंट स्वस्त पडतं, पण दर रंगाला वेगळी स्क्रीन लागते, म्हणून दोन रंगांवर थांबा. प्रत्येकाचं नाव वेगळं हवं असेल तर फिल्मवर छापून गरम दाबाने चिकटवायची डीटीएफ पद्धत घ्या. सब्लिमेशन, म्हणजे उष्णतेने शाई कापडात उतरवायची पद्धत, सुतावर धरत नाही, त्याला पॉलिस्टर लागतं, तेही फिक्या रंगाचं.

मापं तोंडी विचारू नका. ‘एल’ प्रत्येक कंपनीचा निराळा असतो. दुकानातून सगळ्या मापांचा एकेक टी-शर्ट दोन दिवसांसाठी आणा, अंगात घालून बघायला लावा आणि मग यादी करा.

ग्रुप फोटोत दरवर्षी मागचे चेहरे झाकले जातात. ६१ मुलं आणि ९ शिक्षक कसे बसवायचे?
– वर्गशिक्षक, कोपरखैरणे

पाच रांगा करा. जमिनीवर १४, खुर्च्यांवर शिक्षक ९ आणि विद्यार्थी मंडळाचे ४, त्यामागे उभे १५, बाकांवर १४ आणि सभागृहाच्या पायऱ्यांवर किंवा भक्कम टेबलांवर १४. एकूण ७०. शेवटच्या रांगेसाठी वर्गातली डेस्क वापरू नका. त्यांचा वरचा भाग उतरता असतो, एक घसरला की चौघं खाली येतात. प्रत्येक जण पुढच्या दोघांच्या मधल्या फटीत उभा राहिला की झाकाझाकी संपते.

जागा इमारतीच्या सावलीत निवडा, म्हणजे सकाळी इमारतीच्या पश्चिमेला. तोंडावर ऊन आलं तर डोळे बारीक होतात. झाडाची सावली त्याहून वाईट, चेहऱ्यांवर ठिपके पडतात. सगळ्यांना डोळे मिटायला सांगा आणि ‘तीन’ म्हटल्यावर उघडायला लावा. असे लागोपाठ आठ-दहा फोटो घ्या. पांगायच्या आत प्रत्येक रांगेची नावं डावीकडून उजवीकडे लिहून काढा. हे काम ‘घरी जाऊन करू’ म्हटलं की होत नाही.

मुलांना डीजे आणि थर्माकोलचं गेट हवं आहे. पालकांनी अडवावं का?
– एक पालक, नौपाडा

दोन्ही अडवा. २०००च्या ध्वनी प्रदूषण नियमांनुसार शिक्षणसंस्थेभोवतीचा १०० मीटरपर्यंतचा भाग शांतता क्षेत्रात मोडू शकतो आणि तिथे दिवसाची मर्यादा ५० डेसिबल आहे. मैदानावरचा डीजे त्यात बसणारच नाही. बंद सभागृहात दोन साधे स्पीकर पुरतात. थर्माकोलची सजावट राज्याच्या २०१८च्या प्लॅस्टिकबंदीत येते. पुठ्ठा, कापड आणि झेंडूच्या माळा वापरा. झेंडू ठाण्यात जांभळी नाक्याला मिळतोच.

जमवलेल्या वर्गणीवरून दरवर्षी भांडणं होतात.
– हेडबॉय, कळवा

पैसे एकाने घ्यायचे, वहीत नोंद दुसऱ्याने करायची. समजा १५० रुपयांप्रमाणे ११९ जणांचे १७,८५० होतात. खर्चाची मांडणी १६,००० वर थांबवा, बाकीचे ऐनवेळच्या रिक्षा, सेलोटेप आणि जास्तीच्या नाश्त्यात जातात. कोण देऊ शकत नाही ते फक्त वर्गशिक्षकांना ठाऊक असावं. यादी फळ्यावर लावणं म्हणजे त्या मुलाला सगळ्यांसमोर उभं करणं.

दहावीचे गेल्यावर नवं विद्यार्थी मंडळ निवडायचं आहे. मतदार ४२०. गुप्त मतदान नीट कसं घ्यावं?
– शिक्षिका, घणसोली

नवं मंडळ दहावीचे जायच्या आत निवडा, डिसेंबरात. गेल्यावर निवडलं तर कामं शिकवायला कुणीच उरत नाही.

ए-फोर कागदाच्या आठ चिठ्ठ्या होतात, म्हणजे ४२० मतांना ५३ कागद लागतात. ५६ घ्या. नावं वर्णानुक्रमाने छापा. वर्गात दिलेल्या आणि पेटीत निघालेल्या चिठ्ठ्यांचे आकडे जुळले तरच मोजणी सुरू करा. चिठ्ठ्या २५-२५च्या गड्ड्यांत मोजा, बाद मत कशाला म्हणायचं ते आधीच फळ्यावर लिहा. मोबाइलचं मतदान ॲप वापरायचं तर प्रत्येक वर्ग झाला की आकडा कागदावर उतरवा. फोन मध्येच बंद पडला तर सकाळपासूनचं सगळं जाऊ शकतं. बरोबरी झाली तर चिठ्ठी टाका. १९५१च्या लोकप्रतिनिधित्व कायद्यातही निवडणूक अधिकारी तेच करतो.

निकालानंतर जुन्या आणि नव्या प्रमुखांना दोन शनिवार कपाटासमोर बसवा. कोणती किल्ली कुठली, कोणता माइक खरखरतो, स्पोर्ट्सची शिट्टी आणि मोजपट्टी कुणाकडे गेली, स्नेहसंमेलनाचा पडदा कुठून भाड्याने येतो, हे सगळं एका दोनशे पानी वहीत जुन्यांच्या हातून लिहून घ्या. वहीवर दोघांची सही झाल्याशिवाय जुन्यांचे बॅज परत घेऊ नका.