85,000 चा आवाज आणि 4,600 ची शिल्लक

चोपडा तालुक्यातल्या एका वाचकाने सविस्तर पत्र पाठवलंय. वय 29, लग्न व्हायचंय, जळगावच्या एमआयडीसीत नोकरी, हातात येणारा पगार 44,000. 2019 ची स्विफ्ट सेकंडहँड घेतली आहे, तिचा हप्ता 9,400 आणि तो अजून तीन वर्षं चालणार. दर शनिवारी गावी जातात, सोमवारी भल्या पहाटे विदगावचा पूल ओलांडून ड्युटीवर. गाडीसोबत आलेल्या स्टिरिओला ते ‘डबा’ म्हणतात. गाडीत नवी साउंड सिस्टीम बसवायला दुकानदाराने 85,000 चं कोटेशन हातात ठेवलंय: 10,000 रोख, बाकीचे 75,000 फायनान्सने, 18 हप्ते.

पत्रातलं एक वाक्य जसंच्या तसं देते: “ताई, मित्र म्हणतो गाडी विकताना पैसे वसूल होतील, आणि वडील म्हणतात, गाडीले बी हप्ता, गाना आयकाले बी हप्ता?”

भाऊ, वडिलांचा अर्धा मुद्दा बरोबर आहे. गाणी ऐकायची हौस उधळपट्टीत धरायची, हे मला मान्य नाही. आठवड्यातून दोनदा तो रस्ता एकट्याने कापणाऱ्या माणसाने चांगल्या आवाजासाठी खिशातून पैसे काढले, तर त्यात गैर काही नाही. हप्त्यावर मात्र नको. आणि मित्राचं म्हणणं तर साफ चुकीचं आहे.

आधी फायनान्स बघू. दुकानातल्या एजंटने ‘साडेबारा टक्के फ्लॅट’ सांगितलं. ऐकायला हे गाडीच्या कर्जासारखंच वाटतं. 75,000 वर साडेबारा टक्क्यांनी दीड वर्षाचं व्याज 14,000 च्या थोडं वर जातं आणि हप्ता बसतो 4,948. मेख ‘फ्लॅट’ या शब्दात आहे. नवव्या हप्त्यापर्यंत तुम्ही जवळपास अर्धी मुद्दल फेडलेली असते, पण व्याज मात्र शेवटपर्यंत पूर्ण 75,000 वरच मोजलेलं असतं. घटत्या शिलकीवर हिशोब केला, तर हाच दर वर्षाला साडेबावीस टक्क्यांच्या आसपास येतो. त्यात 1,500 ची प्रोसेसिंग फी धरली की पंचवीसच्या घरात. रिझर्व्ह बँकेने 1 ऑक्टोबर 2024 पासून अशा किरकोळ कर्जांना ‘की फॅक्ट स्टेटमेंट’ देणं सक्तीचं केलंय. त्या कागदावर ‘एपीआर’ म्हणजे सगळे खर्च धरून वर्षाचा खरा दर छापावा लागतो. एजंटकडे तेवढा एकच कागद मागा आणि त्याचा चेहरा बघा.

म्हणजे 85,000 ची सिस्टीम तुम्हाला पडते 1,00,564 ला. अजून विमा आणि बॅटरी त्यात धरलेलीच नाही.

आता तुमचा महिना. गाडीचा हप्ता 9,400, जळगावची खोली 6,500, घरी 8,000, पेट्रोल 5,000, मेस आणि वरखर्च 7,500, आरडी 3,000. सगळे मिळून 39,400. शिल्लक 4,600. आणि नवा हप्ता 4,948. पहिल्याच महिन्यात 348 रुपये कमी पडतात. टायर पंक्चर व्हायचा नाही, कुणाच्या लग्नात आहेर द्यायचा नाही, आईचा चष्मा बदलायचा नाही, एवढं सगळं जमलं तर. बचत खात्यात 62,000 आहेत म्हणता. पण आरडी सोडून तुमचा न टळणारा खर्च 36,400, त्याचे तीन महिने म्हणजे सुमारे 1,09,000. नोकरीला धक्का बसला तर तेवढे तरी हाताशी हवेत. आज तेच पुरे नाहीत, त्यामुळे त्या 62,000 ला या कामासाठी हात लावू नका.

वसुलीचं बोलू. जुनी गाडी घेणारा मॉडेल, साल, किलोमीटर, टायर, अपघात झालाय का, इतकं बघतो. सबवूफर (ढोलासारखा खालचा आवाज काढणारा मोठा स्पीकर) बघून तो भाव वाढवत नाही. उलट डॅशबोर्डमागे वायरी कापलेल्या दिसल्या, दाराचं पॅनल हललेलं दिसलं की तो दोन पैसे कमीच सांगतो. म्हणून तुमच्या कोटेशनकडे मी वेगळ्या नजरेने पाहिलं: यातलं पुढच्या गाडीत काय जाईल आणि या गाडीसोबत काय मरेल? नऊ इंची अँड्रॉइड स्टिरिओ 14,000 चा, पण त्याची फ्रेम या मॉडेलपुरतीच. वायरिंग 4,000, चारही दारांचं डॅम्पिंग (पत्रा थरथरू नये म्हणून आतून चिकटवायचे शीट) 8,000, मजुरी 5,000 हे सगळं इथेच राहणार. स्पीकर, त्यांना ताकद पुरवणारा अँप्लिफायर आणि सबवूफर मात्र काढून नेता येतात. हौसेच्या वस्तूत पैसा घालायचाच तर काढता येणाऱ्या वस्तूत घाला आणि कंपनीचे मूळ स्पीकर, स्क्रू, क्लिपा एका खोक्यात भरून माळ्यावर ठेवा. विकताना तेच परत बसवायचे.

उरलेलं कोटेशन असं: पुढचे कंपोनंट स्पीकर (जाड आणि बारीक आवाजाला वेगवेगळे) 9,000, मागचे 4,500, चार चॅनेलचा अँप्लिफायर 13,500, पेटीसकट बारा इंची सबवूफर 15,000 आणि त्याचा वेगळा मोनो अँप्लिफायर 12,000.

मागचे स्पीकर आधी खोडा. शनिवार-सोमवार मागच्या सीटवर कोणी नसतं, मग ते कुणासाठी?

बारा इंची सबवूफरबद्दल जरा थांबून बोलते, कारण पैशाचा खड्डा इथेच आहे. पेटीवर 1,500 किंवा 2,000 वॉट लिहिलेलं असतं. तो क्षणभराचा कमाल आकडा. खरा आकडा आरएमएस, म्हणजे सतत वाजताना पेलणारी ताकद. समजा तो 500 आहे. चांगला क्लास डी, म्हणजे वीज कमी वाया घालवणारा अँप्लिफायर धरला तरी पूर्ण जोरात वाजताना तो साधारण 45 अँपिअर ओढतो. त्याच वेळी तुमचा एसी चालू आहे, हेडलाइट लागलेत, पंखा फिरतोय. छोट्या पेट्रोल गाडीची बॅटरी आणि ती चार्ज करणारा अल्टरनेटर या कामासाठी बनवलेले नसतात. इंजिन बंद करून अर्धा तास वाजवलं की सकाळी गाडी ढकलायला माणसं शोधा. बॅटरी लवकर गेली तर पाच हजारांच्या आसपास आणखी खर्च. तारेतही फसवणूक चालते: तांब्याच्या नावाखाली तांब्याचा मुलामा दिलेली अॅल्युमिनियमची तार घालतात, ती तापते. तार कोणतीही असो, फ्यूज बॅटरीपासून फूट-दीड फुटाच्या आत असायलाच हवा. मागे डिकीत अँप्लिफायरजवळ असलेला फ्यूज अँप्लिफायरला वाचवतो, मधली तार घासून शॉर्ट झाली तर गाडीला नाही.

शिवाय पुढेमागे सीएनजी बसवायचा विचार आहे असं तुम्हीच लिहिलंय. मग डिकीत एकतर सिलिंडर राहील नाहीतर ही पेटी. पेट्रोलला महिन्याला 5,000 जाणाऱ्या माणसाने डिकी कशासाठी राखून ठेवावी, ते वेगळं सांगायला नको.

आणि उन्हाळा. पुण्या-मुंबईचे लोक व्हिडिओत काय बसवतात ते बघून आपल्याकडे चालत नाही. मे महिन्यात जळगाव-भुसावळचा पारा 44-45 ला टेकतो आणि उन्हात उभ्या केलेल्या बंद गाडीत त्याहून कितीतरी जास्त. दारात लावायचे स्वस्त डांबरी शीट त्या उष्णतेत मऊ पडतात, घसरतात, गाडीभर वास सुटतो. डॅम्पिंग करायचं तर ब्युटाइल रबराचं करा, मागवलेला रोल उघडून स्वतः बघा. अँप्लिफायरही भर दुपारी तापून आपोआप बंद पडतो, मग दुकानदार म्हणतो, ‘मोठा घ्या.’ बहुतेक वेळा अँप्लिफायरला मोठेपणा नको असतो, हवा हवी असते. सीटखाली कार्पेटमध्ये गुंडाळून ठेवलेला असतो बिचारा.

मग माझा हिशोब असा. पहिला टप्पा फक्त पुढचे कंपोनंट स्पीकर आणि पुढच्या दोन दारांचं डॅम्पिंग. 9,000, 4,000 आणि मजुरी 1,500 मिळून 14,500. स्टिरिओ तोच ‘डबा’ राहू द्या. कंपनीचा स्टिरिओ फार ताकद देत नाही, म्हणून स्पीकर घेताना वॉटपेक्षा सेन्सिटिव्हिटी (तेवढ्याच ताकदीत किती मोठा आवाज निघतो ते) विचारा, 90 डेसिबल किंवा वर असलेला बघा. वायर कापू देऊ नका, न कापता जोडायचा कपलर मिळतो. तुमची तक्रार ‘आवाज पोकळ येतो’ अशी आहे. पोकळपणा बऱ्याचदा दाराच्या पातळ पत्र्याचा असतो. पत्रा थरथरायचा थांबला की त्याच गाण्यातला ढोल भरीव लागतो. हे पैसे तीन महिन्यांच्या शिलकीतून, 13,800 आणि वरचे थोडे, रोख द्या. तीन महिने थांबणं जड जाईल, पण फायनान्सच्या 18 महिन्यांपेक्षा हलकं आहे.

दुसरा टप्पा दिवाळीच्या बोनसनंतर. बोनस 25,000 च्या आसपास मिळतो म्हणता. त्यातला अर्धा बचत खात्यात, अर्धा सीटखाली बसणाऱ्या छोट्या सबवूफरला. त्यात अँप्लिफायर आतच असतो, डिकी मोकळी राहते, 12,000 च्या आसपास चांगला येतो आणि गाडी बदलली की काढून नेता येतो. पुस्तकी नियम सांगतो की आधी 1,09,000 पूर्ण करा, मग हौस. मी तसं सांगत नाही, कारण 29 वर्षांच्या माणसाला कित्येक महिने थांबायला सांगितलं की तो दोन महिन्यांत त्या एजंटकडे सही करून येतो. अर्धं-अर्धं चालेल.

एवढं करूनही मजा येत नसेल, तर चार चॅनेलच्या अँप्लिफायरचं पुढच्या वर्षी बघू. माझा अंदाज, तुम्ही विचारणार नाही.

पक्कं बिल घ्या. ‘बिल नको असेल तर 18 टक्के जीएसटी वाचेल’ असं दुकानदार म्हणालाच असेल. बिल नसेल तर वॉरंटी नाही आणि चोरी झाली तर विम्याचा दावाही नाही. गाडीला नुसता थर्ड पार्टी विमा असेल, तर या वस्तूंना तसंही संरक्षण नाही. सर्वसमावेशक पॉलिसीतसुद्धा बाहेरून बसवलेली विजेवर चालणारी वस्तू वेगळी नोंदवावी लागते. त्याला आयएमटी 24 म्हणतात, हप्ता वस्तूच्या किमतीच्या 4 टक्के आणि वर जीएसटी. माझ्या दोन टप्प्यांतल्या 21,000 च्या वस्तूंना वर्षाला हजाराच्या आत बसतो. दुकानदाराच्या 72,000 च्या सामानाला सुमारे 3,400, आणि तेही दरवर्षी.

मित्राच्या हळदीला आणि कानबाईच्या मिरवणुकीत डिकी उघडून वाजवायचं, हा बेतही पत्रात आहे. रात्री 10 ते सकाळी 6 उघड्यावर लाउडस्पीकर बंद, आणि वस्तीत दिवसाची मर्यादा 55 डेसिबल, रात्रीची 45. बारा इंची पेटी ही मर्यादा पहिल्याच ठेक्याला ओलांडते. मोटार वाहन कायद्याच्या कलम 190(2) मध्ये आवाजाच्या गुन्ह्याला 10,000 पर्यंत दंड आहे. हळद नवरदेवाची, डीजेचे पैसे त्याच्या घरचे देतील. तुमची बॅटरी कशाला?

शेवटी आरडीचं, कारण ‘नाहीतर आरडी मोडतो’ हे वाक्य वाचून मला स्टिरिओपेक्षा त्याची जास्त काळजी वाटली. ती बहिणीच्या लग्नासाठी आहे, आखाजीच्या (अक्षय्य तृतीयेच्या) आधी पूर्ण होते आणि गावातल्या पतसंस्थेत आहे. मोडू नका. पण एक लक्षात घ्या: बँकेतल्या ठेवींना, सहकारी बँकांतल्यासुद्धा, 5 लाखांपर्यंत ठेव विम्याचं संरक्षण असतं. पतसंस्थेतल्या ठेवींना ते नसतं. टक्का-दीड टक्का जास्त व्याज मिळतं ते याचसाठी. पतसंस्थेत पैसे अडकले की काय होतं, हे आपल्या जिल्ह्यात कुणाला समजावून सांगावं लागत नाही. मुदत संपेल त्या दिवशी स्वतः जा, रक्कम तुमच्या बँक खात्यात वळवून घ्या आणि मंडप-केटररचं ठरेपर्यंत तिथेच राहू द्या. ‘अजून वर्षभर ठेवा, जास्त देतो’ असं मॅनेजर म्हणेल. चहा प्या आणि पैसे घेऊन या.